आधी दादाची गाठ

लॅबवाल्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावर गेली, त्याच दिवशी तिच्या गळ्यातून काढलेली ग्रंथी फॉर्मॅलिनच्या बरणीतून लॅबमध्ये आली. लॅबवाला कामावर परतला तेव्हा रिपोर्ट तयार होता. ग्रंथीत कॅन्सर कुठेच नव्हता.

मेहुणा दार न वाजवता आत आला.

"दाजी, रिपोर्ट वाचलात?"

"वाचला."

"मग आधीच्या तपासणीत कॅन्सर कुठून आला? आभाळातून पडला?"

लॅबवाला तपासणीच्या तुकड्यांचे पातळ काप कोमट पाण्याच्या थाळीवर सोडत होता. एका माणसाचे काप काचेवर उचलले की दुसऱ्याचे सोडण्याआधी पाणी कागदाने पुसून घ्यायचं असतं, नाहीतर एकाचा तरंगता कण दुसऱ्याच्या काचेवर चढतो. आज त्याने दोनदा पुसलं.

गाठ मेहुण्याच्या गळ्यातही होती. बहीण-भावाच्या गाठींचे तुकडे तपासणीसाठी एकाच दिवशी काढले होते. मेणाच्या ठोकळ्यांत बसवून दोन्ही लॅबवाल्यानेच कापले. "आधी दादाची बघा, तो मोठा," असं बायकोनेच बजावलं होतं. दादाची गाठ साधी निघाली. तिची वाईट.

"आई म्हणत होती, दुसरीकडे दाखवू. तुम्ही म्हणालात, माझी काच खोटं बोलत नाही."

"म्हणालो होतो."

"घरचा माणूस म्हणून गप्प बसलो. केसाने गळा कापलात आमचा." मेहुण्याला खोकला आला. गळ्यावर हात दाबून तो थांबला. "आजपासून तुम्ही आम्हाला मेलात. फोन केलात तर उचलणार नाही. दारात आलात तर कुत्रं सोडीन."

"तुमच्याकडे कुत्रं नाही, दादा."

"आणीन."

दार आपटून तो गेला.

लॅबवाल्याने बायकोची जुनी काच भिंगाखाली धरली. कॅन्सरचा कण बाकीच्या कापापासून सुटा, कडेला पडलेला होता. त्याने तिचा ठोकळा मेण संपेपर्यंत कापला. काही नव्हतं.

त्या दिवशी तिची गाठ बघायची घाई होती. दादाचे काप उचलल्यावर मध्ये पाणी पुसायचं राहिलं होतं.

मग त्याने कपाटातून दादाचा ठोकळा काढला, खोलवर कापला आणि काच लॅबच्या डॉक्टरबाईंपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही.

"हा कॅन्सर इथे आहे," त्या म्हणाल्या. "पसरायच्या आत कळवा त्यांना."

मेहुण्याने अजून फोन उचललेला नाही.