उजव्या मनोऱ्यावरचं घड्याळ

माल्टातल्या त्या खेड्यात चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं होती. डावं बरोबर चालायचं, उजवं तासभर मागे. गाइड रिटियेन तिच्या प्रवाशांना तेच सांगणार, तोच मागून कुणीतरी तिचं मनगट आवळलं. क्लाइव्ह! ज्याच्या मारापायी ती लंडन सोडून माहेरी आली होती, तो नवरा.

"सापडलीस! पोरगी कुठंय?"

"शाळेत."

क्लाइव्हने बंद पडलेला फोन खिशात कोंबला आणि वर बोट केलं. तो उभा होता तिथून उजवंच घड्याळ दिसत होतं.

"त्यात पाच वाजले की तिला घेऊन इथं यायचं. मी समोरच्या बारमध्ये बसतो. पळालीस तर तंगडं मोडीन."

"बरं. पाचला," ती मान खाली घालून म्हणाली.

खरे पाच वाजले, उजव्या घड्याळात चारच, तेव्हा रिटियेन, तिची लेक आणि प्रवासी बसलेली बोट पलीकडच्या गोझो बेटाच्या धक्क्याला लागत होती. धक्क्यावर रिटियेनचे चार दांडगे भाऊ उभे होते.

"अगं, पण ते दुसरं घड्याळ कुणी दुरुस्त का करत नाही?" प्रवाशांतल्या एका आजींनी विचारलं.

रिटियेनने लेकीला घट्ट जवळ ओढलं.

"मुद्दाम तसं ठेवतात, आजी. सैतान न्यायला आला, तर त्याची वेळ चुकावी म्हणून."