वारुळामार्फत

चोंबा अळंब्यांची टोपली घेऊन सासूच्या झोपडीमागच्या वारुळाशी आला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. लग्नाला सात वर्षं झाली होती. पण जावयाने सासूला बघायची, तिच्याशी बोलायची मोकळीक ज्या जेवणाने मिळते, ते अजून झालं नव्हतं. त्या जेवणाला बोकड लागतो, आणि तो अजून जुळला नव्हता. तोवर निरोप बायको न्यायची, आणि बायको कालपासून तापात होती. सकाळी तिला टोपली दाखवली, तर तिने सगळ्यात मोठ्या अळंबीला मावशी म्हणून हाक मारली.

शेतातला मका कोवळा, घरातलं पीठ संपलेलं. दोन दिवस पोरांच्या पोटात नुसतं पाणी. मागच्या पावसात ओढ्यापलीकडच्या घरात चुकीची अळंबी शिजली. ते घर आता कुणी शाकारत नाही.

"वारुळा," चोंबा म्हणाला, "आईंना विचार, यातली खायची कुठली?"

"वारुळा," पलीकडून आवाज आला, "जावईबापूंना म्हणावं, टोपली ठेवा आणि झाडामागे जा. पोरीचा ताप कसाय?"

"तसाच आहे म्हणून सांग."

मासुकूच्या झाडामागे त्याला नुसतं ऐकू येत होतं. देठ मोडणं, हुंगणं, थुंकणं. मग पावलं वारुळामागे परतली.

"वारुळा, दोन ढीग केलेत. उजवीकडचा पोरांना. डावीकडचा खोल पुरा म्हणावं."

चोंबा वारुळाकडे तोंड करून उकिडवा बसला. दोन्ही ढीग पांढरे, दोन्हींना बघून तोंडाला सारखंच पाणी सुटत होतं. उजव्या हाताचा ढीग त्याने टोपलीत भरला आणि निघाला. दहा पावलं गेला असेल.

"चोंबा, थांब. माझ्या उजवीकडचा. मी वारुळाला टेकून बसले होते, गाढवा."

त्याने वळून पाहिलं. वारुळाआडून सासू अर्धी बाहेर आलेली. बायकोचाच चेहरा, वीस वर्षं उन्हात ठेवलेला. तिने घाईघाईने अंगावरचं चितेंगे कापड तोंडावर ओढलं.

चोंबाने परत येऊन टोपली उपडी केली, दुसरा ढीग भरला. तीनदा सांडला. मग तो पुन्हा पाठ करून उभा राहिला.

"वारुळा, आईंना सांग, मी काही ऐकलं नाही."

वारुळाला हुंदका फुटला.