किणीकरांचा क्रमांक

डॉक्टर किणीकरांचं नवं शरीर टेबलावर निजलं होतं, आणि त्याच्या मानेतल्या चिपवर त्यांचा जुना ओळख-क्रमांक चढवायचं काम हेमांगीकडे आलं होतं. तो क्रमांक जुळला, तरच स्मृतिसाठा माणसाला आपला म्हणून ओळखायचा आणि त्याच्या आठवणी नव्या शरीरात सोडायचा.

हेमांगीच्या नवऱ्याला, मकरंदला, अपघातानंतर नवं शरीर मिळालं, तेव्हा किणीकरांच्या घाईपायी त्याचा क्रमांक चुकला. साठा उघडलाच नाही. दुरुस्ती करा म्हणून हेमांगीने त्यांचे पाय धरले होते.

"चूक कबूल केली तर केंद्र बंद पडेल," किणीकर म्हणाले होते. "तुम्ही नव्याने संसार मांडा."

मकरंद अजूनही तिला 'बाई' म्हणतो आणि जेवायला वाढलं की आभार मानतो.

हेमांगीने एकच अंक बदलला.

किणीकरांनी डोळे उघडले. "आपण कोण?" त्यांनी अदबीने विचारलं. "आणि मी?"

या क्षणासाठी तिने किती शिव्याशाप जपून ठेवले होते. पण ते ज्याला द्यायचे, तो माणूस तिथे नव्हताच.

ती बाहेर आली. किणीकरांची बायको जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. ती लगबगीने उठली.

"शुद्धीवर आले? माझं नाव घेतलं का हो?"

याच बाकावर एकदा हेमांगी बसली होती.

"तुम्हीच विचारा ना," ती म्हणाली आणि तिने दार उघडून धरलं.