आकड्यांचा आरोपी

"नाव द्या, आत्ता आरोप दाखल करतो," सरकारी वकील पावलक म्हणाला. "नावच नाही, तर मी लिहू कुणाविरुद्ध?"

"ह्याच्याविरुद्ध." लोर्नानं टेबलावरच्या प्रयोगशाळेच्या कागदावर बोट ठेवलं. त्यावर आकड्यांच्या रांगा होत्या. "हा त्याचा डीएनए. असे आकडे दुसऱ्या कुणाचे नाहीत, हे तुम्हीच म्हणालात. मग हेच त्याचं नाव. लिहा."

ब्रिट शेजारी बसली होती. दहा वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या वाटेवर तोंड झाकलेल्या एका माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता. इस्पितळानं पुरावे गोळा करून खोक्यात घातले. ते खोकं पोलिसांच्या फळीवर आठ वर्षं तसंच पडून राहिलं. उघडलं तेव्हा डीएनए मिळाला, पण तो कुणाशी जुळेना. आणि आरोप दाखल करायची दहा वर्षांची मुदत आज, शुक्रवारी, संपत होती. उद्या तो माणूस स्वतः चालत येऊन "मीच तो" म्हणाला असता, तरी कायद्याला त्याच्या केसालाही धक्का लावता आला नसता.

गावच्या साप्ताहिकात तीन आठवड्यांपूर्वी मुदतीची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी लोर्ना ब्रिटच्या दारात उभी. साठीची, शाळेच्या खानावळीतून निवृत्त झालेली, जेमतेम तोंडओळखीची. "मुकाट बसायचं नाही, पोरी," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोघी वाचनालयात बसून कायदा चाळत होत्या. दुसऱ्या एका जिल्ह्यात असा नुसत्या डीएनएवर आरोप ठेवला होता, तो निकाल लोर्नानंच शोधून काढला.

"आपल्याकडे असं कधी झालेलं नाही," पावलक म्हणाला.

"गावात वीज आली तेव्हा पहिलं बटण कुणीतरी दाबलंच असेल ना? की सगळे कंदील धरून बसले होते?"

"आणि यावर सही करणाऱ्या न्यायाधीशबाई शुक्रवारी तळलेले मासे खायला चारलाच निघतात."

"मासे थांबतील. ते मेलेलेच आहेत."

ब्रिटला हसू फुटलं. या इमारतीत ती पहिल्यांदाच हसत होती. पावलकनं डोनटचं खोकं पुढे सरकवलं. ब्रिटनं एक घेतला. लोर्नानं मान हलवली. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"ब्रिट, तुमचं म्हणणं काय?" त्यानं विचारलं. "हा माणूस कदाचित कधीच सापडणार नाही."

ब्रिट उठून उभी राहिली. "इस्पितळात, पोलिसांत, पेपरात, दहा वर्षं प्रत्येक कागदावर माझं नाव आहे. त्याचं एकावरही नाही. आता त्याची पाळी. नाव नसेल तर आकडे लिहा. पण लिहा."

पावलकनं कागद पुढे ओढला. मग बाह्या सारून लिहायला घेतलं.

न्यायाधीशबाईंनी अंगात कोट चढवलेला असतानाच दोनदा वाचलं. चार वाजून वीस मिनिटांनी सही केली. मुदत थांबली. आता तो वीस वर्षांनी सापडला तरी सुटणार नव्हता.

बाहेर ब्रिटनं लोर्नाला मिठी मारली. लोर्ना लाकडासारखी उभी राहिली.

"आई असती तर तिनंही माझ्यासाठी इतकं केलं नसतं," ब्रिट म्हणाली.

लोर्नानं हळूच तिचे हात सोडवले आणि ती मागून बाहेर आलेल्या पावलककडे वळली. "आता हे कुणाला मागे घेता येणार नाही ना? उद्या मीच रडत आले, तरी?"

"तुम्ही? तुमच्या हातात काहीच नाही, मॅडम."

"बरं झालं. मग माझी लाळ घ्या तपासायला."

"तुमची? ती कशाला?"

लोर्नानं पहिल्यांदाच ब्रिटच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती जानेवारीपासून, पेपरात बातमी यायच्या कितीतरी आधीपासून, लाल गोल आहे. मी काढलेला नाही. आणि घरात माझ्याशिवाय माझे दोन मुलगेच राहतात."