नकाशात नसलेली खोली

“नकाशात नाही,” मिस्त्री थापी पुसत म्हणाला. “मुलींसाठी एक मोठी खोली, भिंतीला बाक, वर खुंट्या. कपडे बदलायचे न् पळायचं. कप्पेबिप्पे नाहीत.”

“एकच हवाय,” धावणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “दार असलेला. आतून कडी लागेल असा.”

“कुणा राणीसाहेबांसाठी?”

“तुमच्याच घरच्या.”

मिस्त्रीने थापी खाली ठेवली.

बागेतल्या मैदानाला इतकी वर्षं कपडे बदलायची जागाच नव्हती. मुली घरूनच तयार होऊन यायच्या, नाहीतर झाडामागे चौघी जणी चादर धरून उभ्या राहायच्या. आता कुंपणालगत नवी इमारत उभी राहत होती. भिंती झाल्या होत्या, टाइल्स बसत होत्या. येत्या रविवारी याच मैदानावर क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. पहिल्या दोघींचं शिक्षण, सराव, राहणं, जेवण सगळं तिकडेच. सामान बांधूनच या, असं पत्रात लिहिलं होतं.

चाचणीची जर्सी त्याच दिवशी, इथेच मिळणार होती आणि इथेच घालायची होती. मिस्त्रीची मुलगी दोनशे मीटरला सगळ्यांत पुढे. पण तिने बाईंना सांगून टाकलं होतं, सगळ्यांसमोर कपडे बदलणार नाही. मग चाचणी गेली तरी चालेल.

“लाजते हो,” बाई म्हणाल्या. “चौदावं वर्ष. या वयात होतं असं.”

“आईवर गेलीय. तीपण दारामागूनच बोलते.” मिस्त्रीने खिशातून टेप काढली आणि कोपऱ्याचं माप घेतलं. “इंजिनिअरसाहेबांना मी बघतो. पण दार पार जमिनीपर्यंत. खाली फट नको.”

“फटीने काय होतंय?”

“करायचं तर नीट करायचं. कुणाची नजर पडता कामा नये.”

बाईंना बरं वाटलं. मुलीच्या धावण्यासाठी एवढं करणारा बाप त्यांनी फारसा पाहिला नव्हता. निम्म्या मुलींच्या घरी तर सराव म्हणजे उन्हात काळं होण्याचा उद्योग होता.

रोजचं काम संपलं की मिस्त्री त्या कोपऱ्यात बसायचा. बाग बंद व्हायची वेळ होईपर्यंत वीट, मग गिलावा, मग टाइल्स. बुधवारी बाई सराव आटपून डोकावल्या, तर तो बसवलेल्या चार टाइल्स उखडत होता.

“अहो, छान तर दिसत होत्या!”

“एक केसभर खाली होती.”

“कपडे बदलताना टाइल्स कोण मोजतंय?”

“चूक दिसली की मला चैन पडत नाही, बाई.” तो हसला. “पोरीचंही तसंच. गेल्या शनिवारी सव्वीस पॉइंट आठ सेकंद. त्याआधी सव्वीस सहा. दोन पॉइंट वाढले.”

बाई चकित झाल्या. दर शनिवारी त्या प्रत्येक मुलीच्या वहीत वेळ लिहून घरी पाठवत, पालकांची सही आणायला सांगत. सह्या यायच्या. पण वेळ तोंडपाठ असलेला पालक हाच पहिला.

“दोन पॉइंटने काही बिघडत नाही हो.”

“दोन पॉइंट म्हणजे दोन पॉइंट,” मिस्त्री म्हणाला.

बाई गालातल्या गालात हसल्या. ते दोन पॉइंट त्यांनी स्वतःच वाढवून लिहिले होते. चाचणी जवळ आली की त्या सगळ्यांच्याच बाबतीत असं करत. पोरी शेफारत नाहीत.

“निवड झाली तर घर सोडावं लागेल. धाडाल ना?”

“आधी पहिली येऊ तर द्या!”

रविवारी इमारतीला ओल्या रंगाचा वास होता. मोठ्या खोलीत मुलींचा कलकलाट. कोपऱ्यातल्या कप्प्याचं दार लागलं, कडी पडली. मुलगी बाहेर आली तेव्हा जर्सी अंगावर होती, पण पाठीवरचा नंबर पार तिरका. आधीच पिना लावून तिने ती चढवली होती.

“असा चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “पंच परत पाठवतील. फिर पाहू.”

“आत चला,” मुलगी म्हणाली, आणि त्यांच्या आधी आत शिरली. बाई गेल्यावर तिनेच कडी लावली.

पिन टोचू नये म्हणून बाईंनी नेहमीप्रमाणे जर्सीच्या गळ्यातून दोन बोटं आत सरकवली. मुलीने श्वास रोखला. बोटांना काहीतरी उंचवट्यासारखं लागलं. बाईंनी गळा थोडा ओढून आत पाहिलं.

वळ होते. पाठभर. जुने पिवळे पडलेले, त्यांवर दोन नवे, जांभळे. जर्सीच्या काठाबाहेर एकही नव्हता.

बाईंच्या हातातली पिन फरशीवर पडली.

“कुणी?” बाईंनी विचारलं. “कधी?”

“मागच्या आठवड्यात, शनिवारी. सही करताना.” मुलगी भिंतीकडे बघत होती. “दोनच आहेत, बाई. पॉइंटमागे एक.”

बाकीच्या मुली एव्हाना मैदानावर गेल्या होत्या. कप्प्याच्या दारावर टकटक झाली. “झालं का गं?” मिस्त्रीने बाहेरून हसत विचारलं. “बाई, बघा हं, आज हिची वेळ मी स्वतः मोजणार आहे.”

मुलीने खाली वाकून पिन उचलली, बाईंच्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “पहिल्या दोघींना आजच घेऊन जातात ना?”