खांद्यावरचा टॉवेल

कोचसाहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. आमच्या टीममध्ये त्याचा अर्थ एकच: आपण एका गोलनं पुढं आहोत, आता कुणीतरी पडा आणि वेळ काढा. मॅचची शेवटची पाच मिनिटं उरली होती.

पुढच्याच कॉर्नरला आमचा गोलकीपर इंद्रजित उंच उडाला. समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या पाठीत बसला आणि तो गवतावर आडवा झाला. मी टीमचा मालिशवाला. बॅग घेऊन निघालो, ठरल्याप्रमाणे रमतगमत. वाटेत थांबून बुटाची नाडीसुद्धा बांधली. गॅलरीतून ओरडा चालू होता, "नाटकी! उचला त्याला!"

नेहमीसारखा त्याच्या गुडघ्यावर गार स्प्रे मारला. एरवी तो पाय आखडून घेतो आणि हसू दाबतो. आज पाय जरासुद्धा हलला नाही. सुधारलं बेणं, असं मनात म्हणत मी बॅगेतली पट्टी सावकाश सोडवत बसलो.

कोचसाहेबांनी टॉवेल काढला. काम झालं होतं.

"बास की आता, ऊठ," मी त्याच्या कानात म्हणालो.

त्यानं फक्त डोळे माझ्याकडं वळवले.

"मामा, मी केव्हाचा उठतोय."