म्हशीचं घर

लष्करातून रिटायर होऊन आल्या आल्या सुभेदार हिंदुरावांनी वडिलांचं जाड मातीच्या भिंतींचं घर म्हशीला दिलं आणि शेजारी स्लॅबचा बंगला ठोकला. मातीच्या घरातली मुलगी कोण करणार, असं भावकी म्हणायची. म्हशीनं मात्र काही तक्रार केली नाही.

बंगला बघून खरंच इस्लामपूरचं स्थळ आलं, तेही एप्रिलच्या भर दुपारी. हिंदुरावांनी मिशीला पीळ देत हॉल दाखवला, चकचकीत टाइल्स दाखवल्या. पंखा गरम वारा ओतत होता. मुलाचे वडील घामानं निथळत ‘लय झ्याक’ म्हणत होते. हिंदुरावांना धास्ती एकच. रोज दुपारी जेवणं झाली की अख्खं घर ‘म्हशीकडं जरा बघून येतो’ म्हणत तिकडं जाऊन आडवं व्हायचं. तिथल्या उशा पाहुण्यांना दिसल्या, तर पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलंच.

चहा झाला. मुलाचे वडील हळूच हिंदुरावांच्या कानाशी लागले.

“आवं पाव्हणं, बंगला आमचाबी स्लॅबचाच हाय. जुनं घर म्हशीलाच दिलं असंल न्हवं? चला, तिच्याकडं जरा बघून येऊ.”